ग्रामपंचायतीला सरकारी संस्थांचा तांत्रिक सल्ला : मागायचा कसा, वापरायचा कसा

पाझर (धागाकर्ता)

ग्रामपंचायतीकडे स्वतःचा अभियंता नसतो. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागातल्या एकेका शाखा अभियंत्याकडे ढीगभर गावं असतात. तो अंदाजपत्रक करून देतो, पण 'टाकी रोज भरते, मग वरच्या वस्तीला पाणी का पोचत नाही' हे शोधायला चार दिवस गावात थांबणं त्याला जमत नाही. ही पोकळी ठेकेदार भरून काढतो. अंदाजपत्रक तोच तयार करून आणतो आणि त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं : नवीन बोअर, नाहीतर नवीन टाकी.

खरं तर सरकारी पैशावर चालणाऱ्या सल्ला देणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत. पाण्याच्या उद्भवासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा (जीएसडीए) आहे, तिचं जिल्हा कार्यालय वरिष्ठ भूवैज्ञानिकाकडे असतं. पाण्याची गुणवत्ता आणि घनकचरा या विषयांत नागपूरची नीरी, नकाशे आणि उपग्रह चित्रांसाठी नागपूरचंच एमआरसॅक, प्रशिक्षणासाठी पुण्याची यशदा. शेती आणि मातीसाठी कृषी विज्ञान केंद्रं. नगरपरिषदांसाठी मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तर १९२६ पासून आहे. शिवाय २०१६ च्या जानेवारीत उच्च व तंत्रशिक्षण विभागाने शासन निर्णय काढून उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाखाली अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपापल्या जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासावेत, अशी त्यामागची कल्पना. केंद्राचं २०१४ चं उन्नत भारत अभियान वेगळं. त्याचं समन्वयन आयआयटी दिल्लीकडे आहे आणि त्यात महाविद्यालयाने गावं दत्तक घ्यायची असतात.

तरीही बहुतेक गावांत एकतर कोणी बोलावत नाही, किंवा बोलावल्यावर ऐंशी पानी इंग्रजी अहवाल येतो आणि कपाटात जातो. यात नेमकं कुठे बिनसतं आणि ग्रामपंचायतीने काय केलं तर उपयोग होतो, यावर जाणकारांनी लिहावं. चर्चा भरकटू नये म्हणून उदाहरण नळपाणी योजनेचं धरू : लोकसंख्या १८००, विहिरीवर साडेसात एचपीचा पंप, ५० हजार लिटरची उंच टाकी, वरची वस्ती कोरडी.

---

लेव्हल_मशीन

बिनसतं ते पहिल्या पत्रातच. 'आमच्या गावाच्या पाणीप्रश्नाचा सर्वंकष अभ्यास करून मिळावा' असं पत्र गेलं की सर्वंकष अहवालच येणार. त्यात गावाचा इतिहास, लोकसंख्येचे तक्ते, पावसाची सरासरी, आणि शेवटी 'जलसंधारणाची कामे हाती घ्यावीत'. चूक संस्थेची नाही. मागितलं तेच दिलं.

पत्रात एकच प्रश्न असावा आणि त्याचं उत्तर आकड्यात येणारं असावं. तुमच्याच उदाहरणात : 'वरच्या वस्तीतल्या ४० घरांना माणशी ५५ लिटर पाणी मिळण्यासाठी सध्याच्या टाकीवरून काय बदल करावा लागेल, आणि त्याचा खर्च किती?' ५५ लिटर हा जलजीवन मिशनचा निकष, म्हणून तो आकडा घातला की पुढे कुणी फाटे फोडत नाही.

आता याचं उत्तर काढायला काय लागतं ते बघा. टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटर वर. वरची वस्ती टाकीच्या जागेपेक्षा ४ मीटर उंचावर. हातात राहिले ८ मीटर (पाण्याचा दाब उंचीच्या मीटरमध्येच मोजतात). एकमजली घरांसाठी नळाशी ७ मीटर दाब शिल्लक राहावा असं संकल्पनाचं मानक सांगतं. म्हणजे पाइपातल्या घर्षणाला खर्च करायला उरतो जेमतेम १ मीटर.

वस्तीकडे जाणारी लाइन ६३ मिमीची, लांबी ६०० मीटर, आतला व्यास साधारण ५७ मिमी. ४० घरांनी एकाच वेळी मिनिटाला ३ लिटर घेतलं तर सेकंदाला २ लिटर प्रवाह होतो. हेझन-विल्यम्सच्या सूत्राने घर्षणातच ७ मीटरच्या वर दाब खर्च होतो. नळाशी उरतो एक मीटरसुद्धा नाही. त्यात वाटेतल्या दोन घरांनी टुल्लू (नळाला जोडून पाणी ओढणारा छोटा पंप) लावला की संपलं.

तीच लाइन ९० मिमीची असती तर तेवढ्याच प्रवाहाला नुकसान सव्वा मीटरच्या आत राहिलं असतं. ८ मधून सव्वा वजा केला की पावणेसात, म्हणजे जवळपास निकषाइतका दाब. दुसरा मार्ग म्हणजे प्रवाह अर्धा करणं. ४० घरांचे २०-२० चे दोन गट करून वेगवेगळ्या वेळी पाणी सोडलं तर ६३ च्या लाइनमध्येही नुकसान २ मीटरवर येतं. प्रवाह दुप्पट झाला की नुकसान साडेतीन पटींहून जास्त वाढतं, हे गावात कुणी सांगत नाही, आणि सगळी गडबड तिथेच असते.

उत्तर निघालं : ६०० मीटर पाइप आणि दोन व्हॉल्व्ह. नवीन टाकी नाही, नवीन बोअर तर नाहीच. पण हे गणित ज्या उंचीवर उभं आहे ती 'वस्ती ४ मीटर वर' ही नोंद मोबाइलवरून घेतली असेल तर सगळं वाया. मोबाइलची उंची दहा-पंधरा मीटरने सहज चुकते, आणि इथे एका मीटरवर निर्णय फिरतो. महाविद्यालयाच्या सर्व्हे लॅबमधली ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) घेऊन एका दिवसात टाकी ते वस्ती लेव्हल घेऊन होते. परत टाकीपर्यंत येऊन चूक तपासायची, हे मुलांकडून मुद्दाम करून घ्या. वेळ संपत आला की नेमकी तीच पायरी गाळली जाते.

---

चांदा_ते_बांदा

+१. वाचतोय. एक शंका. हे सगळं जलतंत्र किंवा ईपॅनेट सॉफ्टवेअरमध्ये टाकून आपोआप नाही का निघत?

---

लेव्हल_मशीन

निघतं, पण दोन्हींची कामं वेगळी. जलतंत्र आयआयटी मुंबईत तयार झालेलं आहे. फांद्यांसारख्या पसरलेल्या नळजाळ्यात कुठे कोणत्या व्यासाचा पाइप घेतला की कमीत कमी खर्चात भागेल, हे ते सांगतं. म्हणजे नवीन योजना आखताना ते कामाचं. ईपॅनेट अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, फुकट, आणि असलेल्या जाळ्यात दाब किती मिळेल ते दाखवतं. आपल्या धाग्यातल्या प्रश्नासाठी ईपॅनेट.

पण दोन्हींना जे खायला घालाल त्यावरच उत्तर येणार. जुन्या योजनेचा नकाशा बहुतेक वेळा कागदावर एक आणि जमिनीखाली भलताच असतो. पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर लाइनवरून चालत जाऊन प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक टी आणि जिथे व्यास बदलतो ती जागा नोंदवल्याशिवाय संगणकाला हात लावू नये. नकाशात न दिसणारी, मागाहून जोडलेली एक इंची लाइन हमखास सापडते.

---

नमुना_आठ

कागदोपत्री बाजू मी लिहितो, कारण चांगले अभ्यास तिथेच अडकतात.

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव घ्यायचा. ठरावात प्रश्न काय, संस्था कोणती, खर्च किती आणि कोणत्या निधीतून, अहवाल कधीपर्यंत, हे चारही आलं पाहिजे. नुसतं 'सहकार्य घेण्यास मंजुरी' लिहिलं तर नंतर एक रुपयाही देता येत नाही. ठरावाची प्रत जोडून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या सहीचं पत्र महाविद्यालयाच्या प्राचार्यांना, आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांना. ही शेवटची प्रत चुकवू नका. पुढे तांत्रिक मान्यता त्यांच्याच कार्यालयातून निघायची आहे. त्यांना अभ्यास झाल्यावर कळलं तर साहजिकच ते म्हणणार, 'मग मान्यताही त्यांच्याकडूनच घ्या.'

पैसे कुठून? सगळ्यात सरळ मार्ग ग्रामनिधी. १५ व्या वित्त आयोगाचं (२०२१–२६) बंधित अनुदान पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठी होतं, एकूण अनुदानाच्या ६० टक्के. पण अभ्यासाचा खर्च अशा अनुदानातून टाकायचा असेल तर तो आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात दिसला पाहिजे. आराखड्यात नसलेलं काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढत नाही, त्यामुळे देयकही निघत नाही. मोठा अभ्यास, म्हणजे दहा-पंधरा गावांचा, असेल तर ग्रामपंचायतीने एकट्याने करूच नये. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामं आणि मूल्यमापन यांसाठी निधीचा वाटा असतो, त्यासाठी प्रस्ताव जिल्हा परिषदेमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे जातो.

जीएसटीचा घोळ नेहमी होतो. २०१७ च्या १२ क्रमांकाच्या केंद्रीय कर (दर) अधिसूचनेत ३ री नोंद आहे. पंचायतीला राज्यघटनेच्या २४३ जी खाली सोपवलेल्या कामांबाबत स्थानिक प्राधिकरणाला दिलेली 'शुद्ध सेवा' करमुक्त. पिण्याचं पाणी हा अकराव्या अनुसूचीतला विषय, त्यामुळे सल्ल्याच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. पण त्याच बिलात फ्लो मीटर, पाइप असा माल घुसवला की ती शुद्ध सेवा राहत नाही. मालाचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत असेल तर ३ए नोंद सांभाळून घेते, त्यापुढे नाही. म्हणून मालाची खरेदी ग्रामपंचायतीने वेगळी करावी आणि संस्थेच्या बिलावर अधिसूचनेचा उल्लेख मागून घ्यावा. स्थानिक निधी लेखापरीक्षणात आक्षेप आला तर तोच कागद कामी येतो.

---

बसाल्ट

उद्भवाबद्दल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणावर. त्यात पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या पोकळ सांध्यात. त्यामुळे शेजारच्या विहिरीला पाणी आहे म्हणून आपल्याला लागेल, हा हिशेब चालत नाही. आणि डिसेंबरात विहीर काठोकाठ आहे म्हणून योजना बारमाही चालेल, हा तर अजिबातच नाही.

चाचणी मे महिन्यात, फार तर एप्रिलअखेर. समजा विहिरीचा व्यास ६ मीटर. क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर वाढली की २८३ लिटर पाणी आलं. पंप चालवून पातळी खाली न्यायची, पंप बंद करायचा, आणि दर १५ मिनिटांनी पातळी मोजायची. ४ तासांत १.२ मीटर चढली तर सुमारे ३४ हजार लिटर आलं, तासाला साडेआठ हजार. इथे घाईने २४ ने गुणून 'दोन लाख लिटर रोज' असं लिहिणारे पुष्कळ. पातळी जसजशी वर येते तसतशी आवक मंदावते. पहिल्या तासाचा वेग शेवटच्या तासाला नसतो. म्हणून नुसती बेरीज नको, प्रत्येक १५ मिनिटांचा आकडा हवा.

१८०० माणसांना ५५ लिटरने ९९ हजार लिटर, १५ टक्के गळती धरून १ लाख १४ हजारांच्या आसपास. मे महिन्यातली विहीर हे देऊ शकते का, एवढंच भूवैज्ञानिकाला विचारायचं. त्याच्याकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, वर्षातून चार वेळा घेतलेल्या (जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर). आपल्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीचे मागच्या दहा वर्षांचे मे महिन्याचे आकडे मागा. पातळी दरवर्षी खाली सरकत असेल तर पाइप बदलून काही होणार नाही.

आणखी एक. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम १९९३ च्या भूजल कायद्यातही होता, २००९ च्या कायद्यातही आहे. अभ्यासात त्या ५०० मीटरच्या वर्तुळातल्या सगळ्या विहिरी-बोअर नकाशावर आल्या पाहिजेत. अहवाल या विषयावर गप्प असतात, कारण त्यात गावातली नावं येतात.

---

चाळीस_टक्के

बसाल्ट यांच्या मुद्द्यात महाविद्यालयांची मोठी अडचण दडली आहे. पाण्याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये आणि विद्यार्थ्यांची परीक्षाही तेव्हाच. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जुलैत सुरू होतो, विषय ठरायला ऑगस्ट उजाडतो, मोजमाप ऑक्टोबर ते जानेवारीत. म्हणजे नद्या-नाले वाहत असताना. मग अहवालात सगळं आलबेल दिसतं.

उपाय साधा आहे पण आधी ठरवावा लागतो. नकाशा, लेव्हल, घरांची यादी, पंपाची चाचणी हे हिवाळ्यात. विहिरीची आवक आणि नळाचा दाब हे उन्हाळी इंटर्नशिपमध्ये, परीक्षा संपल्यावर, म्हणजे मेअखेर ते पाऊस लागेपर्यंत. एकच गट दोन्ही करू शकत नसेल तर पहिल्या गटाच्या मोजणीच्या वह्या, नुसता अहवाल नव्हे, कच्च्या वह्या, ग्रामपंचायतीकडे ठेवायच्या. दुसऱ्या वर्षीच्या मुलांना त्याच लागतात.

---

सुरपाखी

हे सगळं ठीक, पण फुकट होत असेल तर पैशांचा एवढा खल कशाला? उन्नत भारतखाली महाविद्यालयाला गावं घ्यावीच लागतात ना?

---

चाळीस_टक्के

फुकट कामाला तारीख नसते, सुरपाखीताई. प्राध्यापकाचा तास आहे, परीक्षा आहे, नॅकची (महाविद्यालयांना श्रेणी देणारी संस्था) भेट आहे, या सगळ्यात फुकटचं गाव शेवटच्या नंबरवर. शुल्क लहान असलं तरी करारात टप्पे येतात : मोजणी झाली की इतके, मसुदा गावात वाचून दाखवल्यावर इतके, अंतिम टिपणीनंतर उरलेले. तिसरा हप्ता उपअभियंत्याने टिपणी वाचून शेरा दिल्यावरच. मग शेऱ्यासाठी संस्थाच मागे लागते.

---

सिएटलकर

इथली पद्धत थोडक्यात, तुलना म्हणून. वॉशिंग्टन राज्यात म्युनिसिपल रिसर्च अँड सर्व्हिसेस सेंटर (एमआरएससी) नावाची ना-नफा संस्था आहे. मूळ १९३४ मधलं, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या एका विभागात. राज्याच्या कायद्यातच लिहिलं आहे की शहरं आणि काउंट्यांना संशोधन आणि सल्ला पुरवण्यासाठी वाणिज्य विभागाने करार करावा, आणि पैसा येतो तो मुख्यतः दारूच्या महसुलातून. (हो, खरंच.) लहानशा गावातली क्लार्क फोन करते किंवा ईमेल टाकते आणि तिथले वकील, वित्त सल्लागार, नियोजनकार उत्तर देतात, वेगळं बिल न लावता. इतर शहरांनी केलेले नियम, निविदांचे नमुने, करारांचे मसुदे यांचा मोठा साठा सगळ्यांना खुला.

मर्यादाही सांगतो. हा सल्ला बहुतांशी कायदा, वित्त आणि कारभाराचा, पाइपाचा व्यास काढून देणं हे त्यांचं काम नाही. आणि ते शहराच्या स्वतःच्या वकिलाची जागा घेत नाहीत. पण मुद्दा असा की तिथे 'अभ्यास' हा एककच नाही, 'प्रश्न' हे एकक आहे.

---

नमुना_आठ

आपल्याकडे असा फोन कुणाला करायचा हेच ठरलेलं नसतं. विस्तार अधिकारी तपासायला येतो, सल्ला द्यायला नाही. दारूच्या पैशाची कल्पना मात्र आपल्या ग्रामसभेत कोणी मांडून बघावी, आडवी बाटली करणाऱ्या बायका काय म्हणतील ते ऐकायला आवडेल. (अवांतर संपलं.)

---

ओटी_पिवळी

अभ्यास मागण्याआधी गावाने स्वतः काय मोजून ठेवावं याबद्दल कोणीच लिहिलं नाही. ते झालेलं असलं तर संस्थेचे निम्मे दिवस वाचतात, आणि दहातल्या काही गावांना संस्थेची गरजच उरत नाही.

टाकीत पाणी किती चढतं? फ्लो मीटर नसला तरी चालतं. टाकीचा आतला व्यास मोजा. ४.५ मीटर असेल तर क्षेत्रफळ १५.९ चौरस मीटर, म्हणजे १ सेंटिमीटरला १५९ लिटर. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद, पंप चालू, आणि झाकणातून ओळंब्याची दोरी सोडून एका तासात पाणी किती चढलं ते बघा. ७५ सेंटिमीटर चढलं तर तासाला सुमारे १२ हजार लिटर. पंपाच्या पाटीवर काय छापलंय ते विसरा.

मग वीज. त्याच तासात मीटरचे युनिट किती फिरले? समजा ६.२. आता विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीत पाणी पडतं त्या तोंडापर्यंतची उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून ६० मीटर. पाणी घनमीटरमध्ये गुणिले उंची, भागिले ३६७ (उत्तर युनिटमध्ये आणणारा ठरलेला आकडा), म्हणजे १२ × ६० ÷ ३६७, जवळपास २ युनिट. एवढीच वीज पाणी उचलायला खरी लागते. खर्च झाली ६.२. कार्यक्षमता ३२ टक्के. धड पंप ४५ ते ५०च्या आसपास द्यायला हवा. बाकीचं बिल झिजलेल्या इंपेलरला आणि दोन-तीनदा रिवाइंड केलेल्या मोटरला जातं.

गळती. रात्री दोन वाजता सगळे नळ बंद असताना एका भागाचा व्हॉल्व्ह उघडा, लाइन भरायला अर्धा तास द्या, मग तासभर टाकीची पातळी बघा. ९ सेंटिमीटर उतरली तर तासाला १४०० लिटर जमिनीत जातंय. यात अडचण तोटी नसलेल्या नळांची. आधी त्यांना प्लग मारावे लागतात, नाहीतर गळती आणि उघडे नळ यांची सरमिसळ होते. त्यासाठी दवंडी, हल्ली व्हॉट्सॲप ग्रुप.

शेवटी बादली. १५ लिटरची बादली टाकीजवळच्या घरात ४० सेकंदांत भरते आणि वरच्या वस्तीत ३ मिनिटांत. पाऊण तास पाणी सुटलं तर पहिल्या घराला हजार लिटर, शेवटच्या घराला सव्वादोनशे. पाच माणसांच्या घरात माणशी ४५. वस्ती 'कोरडी' म्हणतात ती कधी कधी अशी असते, कधी खरंच कोरडी असते. मोजल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक गल्लीत पहिलं, मधलं आणि शेवटचं घर घ्या.

आणि बारा महिन्यांची वीजबिलं, कर आकारणीचा नमुना ८, नळजोडण्यांची यादी, आरोग्य विभागाच्या पाहणीतलं कार्ड (लाल, पिवळं की हिरवं, एप्रिल आणि ऑक्टोबर दोन्हींचं) एका फायलीत लावून ठेवा.

---

चांदा_ते_बांदा

पंपाबद्दल एक जोड. ताशी १२ हजाराने १ लाख १४ हजार लिटरला साडेनऊ तास लागतात. पंप शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) असेल तर थ्री फेज मिळते आठ तास, त्यात ट्रिपिंग. सहा तास धरले तर टाकीत चढलं ७२ हजार, माणशी ४०, गळती जाऊन ३४ च्या आसपास. अशा वेळी वरच्या वस्तीचं दुखणं पाइपाचं नसून फीडरचं असू शकतं. गावठाणच्या फीडरवर जोडणी फिरवायला महावितरणकडे अर्ज, हा उपाय कुठल्याही अहवालात शेवटच्या पानावर असतो. तो पहिल्या पानावर हवा, कारण त्याला तांत्रिक मान्यता लागत नाही.

---

बसाल्ट

बरोबर. लेव्हल_मशीन यांचं गणित अचूक असूनही टाकीत पाणीच नसेल तर ९० मिमीचा पाइप हवा वाहून नेईल.

---

लेव्हल_मशीन

मान्य. क्रम असा लावू : विहीर मेमध्ये पुरते का, वीज किती तास, पंप किती उचलतो, गळती किती, आणि मग वाटप. वरच्या कडीत तूट असताना खालच्या कडीवर खर्च नको. माझा आग्रह एवढाच की पत्रातला प्रश्न एक असावा, तपासणी या क्रमानेच व्हायला हवी.

अहवालाच्या स्वरूपाबद्दल. ग्रामपंचायतीने करारातच लिहावं : मराठीत दोन पानी टिपणी, सोबत एक नकाशा, एक मोजमापांचा तक्ता आणि चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक बाबीसमोर दरसूचीचा बाब क्रमांक. हे नसलं तर उपविभागात कनिष्ठ अभियंत्याला सगळं पुन्हा बसून करावं लागतं, आणि तो ते करत नाही. ऐंशी पानं महाविद्यालयाला हवी असतील तर त्यांनी त्यांच्या ग्रंथालयासाठी खुशाल छापावीत.

---

सुरपाखी

मग तेच महाविद्यालय कामाचं त्रयस्थ तांत्रिक परीक्षणही करत असेल तर? काही ठिकाणी दोन्ही एकाच विभागाकडे असतं.

---

चाळीस_टक्के

नको. ज्यांनी पाइपाचा व्यास ठरवला त्यांनीच 'पाइप बरोबर टाकला' असं प्रमाणपत्र दिलं, तर चूक सापडली तरी ती कोणाची हे कधीच ठरत नाही. परीक्षण दुसऱ्या संस्थेकडे, आणि सल्ला देणाऱ्यांनी करारात लिहून द्यावं की या कामाचं परीक्षण आम्ही घेणार नाही. महाविद्यालयं नाराज होतात, कारण परीक्षणात काम कमी आणि शुल्क नियमित. पण गावाच्या बाजूने पाहिलं तर इथे तडजोड नको.

लेव्हल_मशीन यांच्याशी एका बाबतीत मतभेद. दोन पानी टिपणी हवीच, पण कच्चा डेटाही हवा. ईपॅनेटची फाइल, लेव्हलची वही, नळांचे अक्षांश-रेखांश. पेनड्राइव्हवर नको, तो हरवतो. ग्रामपंचायतीच्या ईमेलवर आणि एक छापील प्रत दप्तरात, आवक क्रमांक टाकून. पाच वर्षांनी सरपंच बदलतो, ग्रामपंचायत अधिकारी तर त्याआधीच.

---

ओटी_पिवळी

गुणवत्तेचं राहिलंच. जाळं सुधारलं आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) तशीच मडक्याने टाकत राहिले, तर शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य. ५० हजार लिटरच्या टाकीला १००० लिटरला ५ ग्रॅमने २५० ग्रॅम टीसीएल. पावडरीत ३० टक्के क्लोरीन असेल तर दीड पीपीएम (लिटरला दीड मिलिग्रॅम) पडतो. पण उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात दमट होऊन २० टक्क्यांच्या खाली जाते, मग तेवढ्याच वजनात एक पीपीएमही नाही. म्हणून जलसुरक्षकाने ओटी चाचणी (पाण्यात शिल्लक क्लोरीन दाखवणारी) टाकीजवळ नाही, शेवटच्या घरी करायची. तिथे किमान ०.२ दिसलं पाहिजे. महाविद्यालयाच्या मुलांनी दाब मोजायला शेवटच्या घरी जायचंच आहे, तर ओटीची बाटली सोबत न्यावी.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. तिथे अभ्यासाचा पहिला प्रश्न पाइपाचा नसतोच. नमुना जिल्हा प्रयोगशाळेत द्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर आधी उद्भव बदलण्याची चर्चा, नंतर बाकी सगळं. किटवरचा रंग बघून निर्णय घेऊ नका, किट फक्त शंका दाखवतं.

---

पाझर

सगळ्यांचे आभार. पत्राचा मसुदा वरच्या प्रतिसादांवरून तयार करून इथे टाकतो. एक प्रश्न राहिला. ९० मिमीची लाइन मंजूर होऊन पडेपर्यंत सहा-आठ महिने जातील. दरम्यान वरच्या वस्तीसाठी लगेच करण्यासारखं काय?

---

लेव्हल_मशीन

वेळ वाटून घ्या. वरच्या वस्तीला सगळ्यात आधी, टाकी पूर्ण भरलेली असताना. टाकीत पाण्याची उंची ३ मीटर असेल तर तो ३ मीटर दाब फुकटात मिळतो, अर्धी टाकी उपसल्यावर तो राहत नाही. खालच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह तेवढ्या वेळेपुरते पूर्ण बंद, आणि वस्तीतल्या ४० घरांचे दोन गट, प्रत्येकी पाऊण तास. खालच्या भागाला नंतर सोडताना व्हॉल्व्ह सगळा उघडायचा नाही. पूर्ण उघडायला किती फेरे लागतात ते मोजा, आणि शेवटच्या घरात बादली वेळेत भरेपर्यंत एकेक फेरा कमी-जास्त करून बघा. जमलेला आकडा ऑइल पेंटने व्हॉल्व्ह चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पाणी सोडणारा रजेवर गेला की त्याच्या जागी येणारा सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मोकळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार ग्रामपंचायतीत येते.